न आटणारा पान्हा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शैला माहेरी आली ती घरात पाय ठेवायच्या आधीच बांधावर जाऊन उभी राहिली. उन्हाचा कहर होता. रावेर तालुक्यातल्या निम्म्या बागा पिवळ्या पडून कशाबशा तग धरून होत्या, आणि तिच्या भावाची, लीलाधर फेगड्याची केळी मात्र काळपट हिरवीगार, पान न् पान ताठ.

“दादा, युरिया कुठून आणतो रे इतका?” तिने विचारलं. युरियावर सरकारी मर्यादा येऊन आता बरीच वर्षं झाली होती. ठरल्यापेक्षा एक दाणा जास्त कुणाला मिळत नसे.

“दाणासुदिक टाकला नाही वं. तीन वर्सं झाले.”

“मंग काय हवा खाऊ राहिले हे झाडं?”

लीलाधर हसला. “हवाच खातात. तुझ्या भाचीनं शिकवलं त्याईले.”

भाची म्हणजे यामिनी, लीलाधरची एकुलती एक मुलगी. तिची आई फार लवकर गेली, तेव्हा शैलानेच तिला तापीपलीकडे आपल्या सासरी, बोरघाट्याला नेलं आणि दहावीपर्यंत सांभाळलं. तिथल्या घरामागच्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलेली ही पोरगी पुढे पुण्याला जाऊन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ झाली. तिच्या डोक्यात लहानपणापासून एकच किडा वळवळायचा: केळीला आपण एवढं खत घालतो, ते जातं कुठे?

उत्तर सापडलं तेव्हा तिने ते बापाला ओसरीवर बसून समजावून सांगितलं होतं. केळी हे खादाड पीक. तिला नत्र भरपूर लागतं, पण मुळं उथळ आणि पाणी सतत चालू. त्यामुळे टाकलेल्या युरियातलं निम्मंसुद्धा झाडाच्या पोटात जात नाही. उरलेल्याचं मातीत नायट्रेट होतं, ते पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीत उतरतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. गंमत अशी की ज्या नत्रासाठी माणूस गोण्या वाहतो, त्याच नत्राने आपल्या डोक्यावरची पाचातले चार हिस्से हवा भरलेली आहे. झाडाला ती पचवता येत नाही, एवढंच. हरभऱ्याच्या, तुरीच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू ती पचवतात आणि झाडाला देतात. केळीला असा सोबती निसर्गाने दिला नव्हता. यामिनीने तो घडवला. केळीच्या कंदातच वस्ती करायची, झाडाची साखर खायची आणि बदल्यात त्याला हवेतलं नत्र पाजायचं, असा हा जिवाणू. प्रयोगशाळेत त्याला लांबलचक नाव आणि पुढे आकडा होता. लीलाधरने त्याचं नाव ठेवलं ‘पान्हा’.

पण असे जिवाणू मुळात हिशेबी असतात. मातीत आयतं नत्र दिसलं की आपलं काम थांबवतात. खानदेशातली जमीन तर पिढ्यान् पिढ्या युरियाने भिजलेली. तिथे पान्हा फुटेचना. म्हणून यामिनीने त्याचं थांबायचं बटणच काढून टाकलं. मग तो बेफाम होऊ नये म्हणून दुसरं एक कुलूप लावलं. ठिबकच्या पाण्यातून एक निरुपद्रवी द्रव्य थेंबाथेंबाने मिळत राहिलं तरच तो जगायचा; ते बंद झालं की महिन्याभरात मरायचा. बापलेक त्या द्रव्याला ‘किल्ली’ म्हणायचे.

“पिलबागेत, जुन्या झाडाच्या बुडातून फुटलेल्या पिलात, मग त्या पिलाच्या पिलात हा कसा वागतो ते मला अजून बघायचंय,” यामिनी निक्षून सांगायची. “तोवर या बागेतला एक कंदसुद्धा बाहेर जायचा नाही, पप्पा. कुणालाही नाही.”

लीलाधरने तो शब्द पाळला होता. गावातल्या कितीतरी जणांना त्याने हात जोडून परत पाठवलं होतं. सुरुवातीला हीच माणसं ‘पोरीच्या नादानं बाग घालवशील’ म्हणून हसली होती, आता कुंपणाशी घुटमळत होती.

“मले देशील थोडे कंद?” शैला म्हणाली. “माझ्या भावेशनं एवढ्यातच शेती हाती घेतली. त्याचे वडील गेल्यापासून पोरगं एकटंच धडपडू राहिलं.”

आखाजीला आलेली बहीण म्हणजे काही गावातलं कुणी नव्हे. बोरघाट्याला किल्ली नाही, लीलाधरच्या मनात आलं. किल्ली नाही तर महिन्याभरात जिवाणू मरणार आणि उरणार ती आपली साधी केळी. मग बिघडलं काय? आईवेगळ्या लेकीला जिने वाढवलं तिला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं?

त्याने स्वतः कुदळ घेतली. चांगले तलवारीसारख्या पानांचे पील निवडून काढले, विळ्याने मुळं साफ केली आणि पोतं भरून तिच्या गाडीत ठेवलं. शैलाला त्याने पान्ह्याबद्दल काही सांगितलं नाही. यामिनीलाही नाही.

*

भावेशची बाग लागली. पहिल्या वर्षी कोपऱ्यातले काही वाफे, दुसऱ्या वर्षी त्यांचेच पील लावून सगळा मळा. व्हिडिओ कॉलवर तो मामाला घड दाखवायचा.

“मामा, तुमचे कंद लय गुणाचे. युरियाचा कोटासुदिक पुरा उचलला नाही मी.”

मागे दिसणारी पानं काळपट हिरवी होती. लीलाधरने ती पाहिली. असा रंग साध्या केळीला येत नाही हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? पण त्याने स्वतःला समजावलं, नदीकाठची जमीन आहे, कसदार असेल. आणि मग त्याने भावेशला होऊ घातलेल्या बाळाबद्दल विचारलं.

बाळ दिवाळीच्या आधी झालं. मुलगी. शैलाने नाव ठेवलं कुहू. लीलाधर बारशाला गेला तेव्हा बाळाने त्याचं बोट असं घट्ट धरलं की सोडवताना सगळे हसले. भावेशच्या बायकोला, हर्षदाला, बाळंतपणानंतर टायफॉइड झाला आणि दूध आटलं. मग कुहूला पावडरचं दूध सुरू झालं. शैला ते जिवापाड निगुतीने करायची. बाटली धुणं, पाणी ठेवणं, कोमट करणं, सगळं स्वतःच्या हाताने. सुनेला उठू द्यायची नाही.

पाणी घरामागच्या विहिरीचं. पूर्वी तालुक्याची गाडी विहिरींतलं नायट्रेट मोजत गावोगाव फिरायची. युरियाला मर्यादा आली तशी ती बंद झाली. खतच आटलं तर विहिरीत उतरणार काय, असं सगळ्यांनाच वाटलं.

जानेवारीतल्या एका सकाळी भावेशचा फोन आला. “मामा, कुहू निळी पडू राहिली. ओठ बघा तिचे.”

तालुक्याच्या डॉक्टरला वाटलं हृदयाला छिद्र असेल. त्याने जळगावला पाठवलं. लीलाधर परस्पर तिथे पोचला तेव्हा भावेश हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसला होता आणि शैला आत काचेला कपाळ टेकून उभी होती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कुहूच्या टाचेतून रक्त काढलं. ते लाल नव्हतं. कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं. ते पाहताच त्यांनी धावाधाव करून औषध मागवलं, सलाइनमधून दिलं. पण फार उशीर झाला होता. दुपार कलायच्या आत कुहू गेली.

“तिला पाणी कुठलं देत होतात?” डॉक्टरीणबाईंनी भावेशला विचारलं. हा काय आत्ता विचारायचा प्रश्न, म्हणून भावेश त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. लीलाधरने मात्र तो प्रश्न ऐकला आणि त्याला फोनवर दिसलेली काळपट हिरवी पानं आठवली.

*

यामिनी पुण्याहून निघाली ती आत्येला भेटायला. बोरघाट्याला पोचली, आत्येच्या गळ्यात पडून रडली, आणि मागच्या दारी हात धुवायला गेली ती तिथेच थबकली. काळपट हिरव्या बागेकडे बघत उभी राहिली. मग गाडीतून चाचणीची पेटी काढून तिने विहिरीचं पाणी घेतलं, एक खोड कापून कंदाचा तुकडा घेतला, आणि कुणाशी काही न बोलता बापाच्या घरी आली.

निकाल यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत तिने बापाला एक प्रश्नही विचारला नाही. निकाल आला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“विहिरीत नायट्रेट मर्यादेच्या सातपट आहे, पप्पा. आणि कंदात पान्हा आहे. माझाच. किल्लीवाचून जगतोय. पिलाच्या पिलात कुठेतरी त्याने कुलूप मोडलं. मला ज्याची भीती होती तेच.” तिचा आवाज सपाट होता. “त्याला थांबता येत नाही. झाडाचं पोट भरलं तरी तो नत्र ओततच राहतो. उरलेलं सगळं विहिरीत. मोठ्या माणसाला त्याने काही होत नाही. पण तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या पोटात त्या नायट्रेटचं असं काही होतं की रक्त प्राणवायू वाहायचं विसरतं. तो तिथे कसा गेला?”

लीलाधरने ताटावरून हात मागे घेतला. “आखाजीला शैला आली होती. म्या दिले.”

यामिनी खाली बसली. दारातच, उंबऱ्यावर. ती म्हणाली, “मी सांगेन की प्रयोगाच्या बागेतून चोरीला गेले. जिवाणू माझा आहे. चूक माझीच धरतील. तुमचं नाव यायची गरज नाही.”

“आणि शैलाले?”

“आत्येला वाटतंय देवाने नेलं. वाटू द्या.”

लीलाधरने नकारार्थी मान हलवली. “भावेशनं पुढं कुणाकुणाले दिले असतील. त्याच्या सासरी, शेजारी. ते कोण विचारीन? चोरीचं सांगितलं तर कुणी खरं सांगणार नाही.” मग तो उठला, हात धुतले. “मीच जातो. मलेच सांगू दे.”

*

शैला ओट्यावर बसली होती. भाऊ आला म्हणून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत पाणी आणायला उठू लागली. लीलाधर म्हणाला, “बस. पाणी नको.” आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. आखाजीचा दिवस, यामिनीची ताकीद, किल्ली, आणि फोनवर पानांचा रंग दिसूनही आपण गप्प बसलो ते.

भावेश दारात येऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने कोपऱ्यातली पहार उचलली. हर्षदा किंचाळली, पण तो मामाच्या अंगावर गेला नाही. मागच्या दाराने मळ्यात गेला. थोड्याच वेळात खोडं कोसळल्याचे ओले, जड आवाज येऊ लागले.

शैलाने मात्र आवाज चढवला नाही. ती भावाकडे बघत राहिली, जणू कुणी अनोळखी माणूस अंगणात येऊन पत्ता विचारतो आहे.

“तू कंद दिले,” ती म्हणाली. “भावेशनं लावले. यामिनीनं ते बनवले. मी एकटीच होती दादा, जिनं कुहूचं काही वाईट केलं नाही. पाणी गाळून, उकळून द्यायची. रोज. एक दिवस चुकली नाही. देवाच्या दारात माझा एकटीचाच हात साफ आहे.”

“हो बाई,” लीलाधर म्हणाला.

“आता जाय. अन् मी मरेन तवाच ये.”

तो गेला.

*

त्यानंतरचे आठवडे शोधाशोधीत गेले. भावेशचे कंद वीस-बावीस गावांत पसरले होते. सासऱ्याला दिलेले, मित्राला दिलेले, कुणाच्या वास्तुशांतीला परसात लावायला दिलेले. कंद कुणी विकत नाही, मागितला की देतात. म्हणून त्यांचा माग काढायचा तर माणसांच्या नात्यांचाच माग काढावा लागला. लीलाधर सगळ्यांच्या आधी आपल्या बागेत उतरला आणि ती त्याने कंदासकट उपटून काढली. मग भावेशबरोबर गावोगाव गेला. दोघं एकाच गाडीत बसायचे, एकमेकांशी बोलायचे नाहीत. कुठे दारं बंद झाली, कुठे शिव्या बसल्या. एका म्हाताऱ्याने आपली बाग उपटू देताना प्रत्येक झाडाला हात लावला.

यामिनीने पुण्याच्या संस्थेतल्या पान्ह्याच्या सगळ्या कुप्या स्वतः भट्टीत टाकल्या. चौकशी चालू होती. तिला काम सोडायला सांगण्याआधीच तिने ते सोडलं होतं. जिल्ह्याने तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. लोकांना इशारा द्यायचा होता. मोबाइलवर आलेला सरकारी मजकूर कुणी वाचत नाही, म्हणून गावोगाव भोंगा लावलेली रिक्षा फिरणार होती. आणि आवाज ओळखीच्या, इथल्याच माणसाचा हवा होता.

ती घरात बसून मजकूर मोठ्याने वाचून बघत होती. लीलाधर कोपऱ्यात बसून ऐकत होता. एका वाक्याशी तो दचकला.

“काय म्हणाली? परत म्हण.”

यामिनीने वर न बघता वाचलं, “पाणी उकळल्याने हे विष जात नाही. उकळताना पाणी उडून जातं, विष मात्र तेवढंच राहतं. म्हणून उकळलेलं पाणी जास्त घातक.”

“हे काढ,” लीलाधर म्हणाला.

“पप्पा...”

“बाकी सगळं ठेव. माझं नाव घे, घाल त्याच्यात. पण एवढं काढ. तिच्यापाशी तेवढंच राहिलं आहे पोरी. ती रोज उकळायची.”

यामिनीच्या हातातला कागद खाली आला. आत्या काय करायची हे तिला माहीत नव्हतं, आत्ता कळलं. पण तिने नकारार्थी मान हलवली.

“काल विवऱ्याच्या पुढच्या वस्तीवर एक बाई भेटली. मांडीवर दोन महिन्यांचं बाळ होतं. मला म्हणाली, ताई, तुम्ही सांगता म्हणून आजपासून दुप्पट उकळते. मी कसं काढू? सांगा तुम्ही.”

लीलाधरने तिच्या हातातला कागद घेतला, ते वाक्य पुन्हा वाचलं आणि कागद तिला परत दिला.

“आत्येच्या गावात आधी मी जाते,” शेवटी यामिनी म्हणाली. “मी सांगते तिला.”

“नको,” लीलाधर म्हणाला. “तुले पोटच्या पोरीसारखं वाढवलं तिनं. तुझ्या तोंडून नको.”

*

ज्या दिवशी रिक्षा बोरघाट्याला जायची होती त्या दिवशी तो सकाळीच तिकडे पोचला. मनात ठरवलेलं असं होतं की शैलाला घेऊन निघायचं. चार दिवस माहेरी ठेवायचं. पुढचं पुढे. सांगायची हिंमत त्याच्यात आहे की नाही हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

भावेश बाहेरगावी कंद खणायला गेला होता. हर्षदा तिच्या आईकडे होती. शैला अंगणात एकटीच तूर पाखडत बसली होती. भावाला बघून तिने सूप थांबवलं नाही.

“मी मेली नाही अजून,” ती म्हणाली.

“माहेरी चल, बाई. चार दिवस.”

“काहाले?”

“अशीच. घर रिकामं आहे. यामिनी आली आहे.”

“येत नाही मी.”

“शैले, ऐक माझं. आत्ता चल. कपडेसुदिक घेऊ नको.”

तेव्हा तिने मान वर केली. काय झालं रे, असं ती विचारणार, तोच गल्लीच्या तोंडाशी भोंगा खरखरला. रिक्षा ठरल्यापेक्षा लवकर आली होती. रेकॉर्ड केलेल्या आवाजात यामिनीने आधी आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. मग म्हणाली, मी बोरघाट्याला वाढले, इथल्याच विहिरीचं पाणी प्यायले. भाचीचा आवाज ऐकून शैलाच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. ती सूप बाजूला ठेवून उठली आणि फाटकापर्यंत गेली. लीलाधर तिच्या मागे गेला, तिच्या खांद्याला हात लावला, “शैले, आत चल,” म्हणाला. तिने हात झटकला.

कोणती केळी उपटायची ते यामिनीने सांगितलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला विहिरीचं, बोअरचं पाणी देऊ नका, टँकरचं घ्या, असं सांगितलं. मग तिचा आवाज अडखळला, आणि तिने ते वाक्य म्हटलं. दोनदा म्हटलं; दोनदा म्हणायचंच ठरलं होतं.

रिक्षा पुढच्या गल्लीत वळली.

शैला फाटकाला धरून उभी होती. पाठमोरीच तिने विचारलं, “तुले माहीत होतं?”

“परवा कळलं.”

“म्हणून न्यायले आला.”

“हो.”

ती वळली. लीलाधरला वाटलं, आता ही छाती पिटेल, आपल्या अंगावर धावून येईल. त्याने तेही आनंदाने सोसलं असतं. ती अंगण ओलांडून ओट्यापाशी आली आणि बसली. तो उभाच होता, तर तिने पदराने ओटा झटकून त्याच्यासाठी जागा केली. तो तिच्या शेजारी बसला. लहानपणी आईने मारलं की दोघं असेच टेकून बसायचे, तसं तिचं खांद्याचं हाड त्याच्या दंडाला लागलं.

इतके आठवडे तिने एकदा तरी बोलावं म्हणून त्याने देवाला विनवलं होतं. आता ती बोलू लागली, हलक्या आवाजात, घरातलं काहीतरी साधं सांगावं तशी.

“थंडी होती ना रे, दादा. कुहूले सर्दी झाली होती. म्हणून मी जास्तच उकळायची. पातेलं निम्मं होईपर्यंत.”